एका वेळी एकच काडतूस

एकबारी पिस्तुलाने अचूक नेम साधण्याची विद्या आणि तिच्यामागील शिस्त

१० ऑगस्ट २०१६ चा दिवस. रिओ द जानेरो येथील ऑलिम्पिक नेमबाजी केंद्रात पुरुषांच्या ५० मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी चालू होती. २००८ चे बीजिंग आणि २०१२ चे लंडन अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराचे सुवर्णपदक पटकावणारे दक्षिण कोरियाचे जिन जोंग-ओ तिसऱ्या सुवर्णाच्या ध्येयाने रेषेवर उभे होते. त्यांची नववी गोळी सुटली आणि पडद्यावर आकडा उमटला : ६.६. जेथे नऊच्या खाली घसरणेही महागात पडते, तेथे ६.६ म्हणजे स्पर्धेबाहेर पडण्याचीच सूचना. त्या वेळच्या नियमांनुसार तळाचा खेळाडू टप्प्याटप्प्याने बाद होत होता आणि जिन तळाच्या अगदी जवळ पोहोचले होते.

त्यांच्या हातातील पिस्तुलात दुसरी गोळी तयार नव्हती. ती तशी असूच शकत नाही. या पिस्तुलात एका वेळी एकच काडतूस मावते. बार उडाला की पिस्तूल खाली घ्यायचे, उघडायचे, रिकामे काडतूस काढायचे, नवे काडतूस हाताने बसवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सारी तयारी करायची. जिन यांनी पुढच्या प्रत्येक गोळीसाठी हेच केले. फेरी संपली तेव्हा त्यांच्या खात्यावर १९३.७ गुण होते. तो त्या प्रकारातील ऑलिम्पिक विक्रम ठरला. व्हिएतनामचे होआंग शुआन विन्ह १९१.३ गुणांसह दुसरे आले. एकाच वैयक्तिक प्रकारात लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारे जिन हे पहिले नेमबाज ठरले.

चुकलेली गोळी परत आणता येत नाही आणि तिची भरपाई करणारी दुसरी गोळीही हाताशी नसते. उरते ती फक्त पुढची गोळी. एकबारी पिस्तुलाची सारी विद्या या एका वाक्यात सामावलेली आहे. ही विद्या नेमकी कशी साधते, नेमबाजी केंद्रावर नेम सुधारण्यासाठी खेळाडू काय करतो आणि काय करण्याचे टाळतो, याचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

शिकारीपासून क्रीडांगणापर्यंत

एकबारी पिस्तुलाचे दोन घराणी आहेत असे म्हणता येईल. पहिले घराणे शिकारीचे. अमेरिकेत १९६७ साली थॉम्पसन सेंटर या कंपनीने ‘कंटेंडर’ नावाचे एकबारी पिस्तूल बाजारात आणले. वॉरेन सेंटर हे त्याचे रचनाकार. बिजागरीवर नळी खाली झुकवून काडतूस भरण्याची त्याची साधी रचना होती आणि एकाच मुठीवर निरनिराळ्या मापांच्या नळ्या बसवता येत असत. तेथील कायद्याच्या चौकटीत शिकार करणाऱ्या अनेकांनी हे हत्यार पसंत केले. त्याच पिस्तुलाने धातूच्या आकृत्या पाडण्याचा खेळही तेथे रुजला. ५० मीटरवर कोंबडी, १०० मीटरवर डुक्कर, १५० मीटरवर टर्की आणि २०० मीटरवर मेंढा, अशा पोलादी आकृत्या त्यात मांडलेल्या असतात. जबाबदार शिकारी रानात जाण्यापूर्वी नेमबाजी केंद्रावर तासन् तास घालवतो. हातात एकच गोळी असताना नेम चुकला, तर प्राणी जखमी होऊन वेदनेत पळून जाण्याचा धोका असतो, म्हणून हा सराव तेथे कर्तव्य मानला जातो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. त्यामुळे येथे या विद्येचे स्थान क्रीडांगणावर आहे. हे तिचे दुसरे घराणे. ५० मीटर पिस्तूल, ज्याला ‘फ्री पिस्तूल’ असेही म्हणतात, हा नेमबाजीतील अतिशय जुना प्रकार आहे. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ३० मीटर अंतरावरील फ्री पिस्तूल स्पर्धा अमेरिकेच्या समनर पेन यांनी जिंकली होती. पुढे अंतर ५० मीटर झाले आणि १९३६ च्या बर्लिनपासून २०१६ च्या रिओपर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार खेळला गेला. मिश्र सांघिक स्पर्धांना जागा करून देण्यासाठी टोकियो ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातून तो वगळण्यात आला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र त्यानंतरही त्याचे स्थान राहिले.

ऑलिम्पिकमधून फ्री पिस्तूल गेले, तरी एकबारी शिस्त गेलेली नाही. १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारातही प्रत्येक छर्रा हातानेच, एकेक करून भरावा लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांनी महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले आणि सरबजोत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक प्रकारात दुसरे कांस्यपदक पटकावले, ते याच शिस्तीच्या बळावर.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

आकडेमोडीची सवय असलेल्या वाचकांना या खेळाचे गणित रुचेल. ५० मीटर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या आतील सर्वांत लहान वर्तुळाचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढा. पन्नास मीटर अंतरावर ठेवलेले दोन रुपयांचे नाणे डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे कामाची कल्पना येते. एक गुण कमी होणारे प्रत्येक वर्तुळ त्याआधीच्या वर्तुळापेक्षा २५ मिलिमीटर त्रिज्येने मोठे असते. म्हणजे जिन यांची ६.६ गुणांची गोळी लक्ष्याच्या केंद्रापासून सुमारे ११ सेंटिमीटर दूर लागली होती.

हा अकरा सेंटिमीटरचा फरक पिस्तुलाच्या टोकाशी किती असतो? पिस्तुलावर नेम धरण्यासाठी दोन भाग असतात. मागे चौकोनी खाच आणि पुढे, नळीच्या टोकाजवळ, उभी पट्टी. यांना मागची आणि पुढची साइट म्हणतात. या दोहोंमधील अंतर २२ सेंटिमीटर धरले, तर पुढची पट्टी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली असता ५० मीटरवर गोळी सुमारे २२७ मिलिमीटर भरकटते. या हिशेबाने अकरा सेंटिमीटरची चूक होण्यास साइटमधील अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक पुरतो. पाच कोऱ्या नोटा एकावर एक ठेवल्या तर जेमतेम तेवढी जाडी भरेल.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहू. दोन्ही साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण संपूर्ण हात आहे त्या दिशेशी समांतर राहून १ मिलिमीटर डावीकडे गेला. अशा वेळी गोळीही लक्ष्यावर १ मिलिमीटरच डावीकडे लागते. मनगटातून नळीचे टोक कलले तर चूक दोनशेपटींहून अधिक वाढते आणि सारा हात सरळ सरकला तर ती आहे तेवढीच राहते. नवशिक्याचे लक्ष बहुधा आपला हात डुलतो आहे याकडे असते आणि तो डुलणारा हात थांबवण्यासाठी तो जिवाचे रान करतो. जाणकार नेमबाज हाताचे थोडे डुलणे स्वीकारतो आणि आपले सारे लक्ष दोन साइट जुळलेल्या ठेवण्याकडे देतो. अचूकतेच्या मार्गावरील पहिली पायरी म्हणजे हा फरक समजणे.

हाताचे डुलणे पूर्णपणे थांबवणे कोणालाही शक्य नाही. श्वास, हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे काम यांमुळे तो हलणारच. ठोके मंदावणारी औषधे घेऊन हा कंप कमी करण्याचा मोह काहींना झाला आहे. परंतु बीटा ब्लॉकर वर्गातील औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांना याच कारणासाठी ५० मीटर पिस्तुलातील रौप्य आणि १० मीटर एअर पिस्तुलातील कांस्य, अशी दोन्ही पदके गमवावी लागली.

सुरुवात पायांपासून

पिस्तूल हातात धरायचे असले तरी नेमाची सुरुवात पायांपासून होते. नेमबाज लक्ष्याकडे कूस करून, पाय साधारण खांद्याएवढ्या अंतरावर ठेवून उभा राहतो. वजन दोन्ही पायांवर सारखे असते. मोकळा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला असतो, म्हणजे तो लोंबकळून तोल बिघडवत नाही. नियमानुसार पिस्तूल एकाच हाताने, कोठेही टेकू न देता धरावे लागते. मनगटाला आधार देणारी मूठही चालत नाही.

यानंतर एक साधी चाचणी घेतली जाते. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलायचे, डोळे मिटायचे, एखाददुसरा श्वास घ्यायचा आणि डोळे उघडायचे. शरीर सैल असताना पिस्तूल जेथे आपोआप स्थिरावते, ती त्या शरीराची नैसर्गिक दिशा. ती लक्ष्याच्या डाव्या बाजूला असेल, तर हात उजवीकडे ओढून उपयोग नाही. ओढलेला हात चाप दाबण्याच्या क्षणी पुन्हा आपल्या जागी जाऊ पाहतो. अशा वेळी मागचा पाय किंचित सरकवून सारे शरीरच वळवावे लागते. ही चाचणी प्रत्येक सत्राच्या आरंभी आणि मधून मधून घेणे, हा अनुभवी नेमबाजांचा नित्यक्रम असतो.

मूठ पकडण्याचे तत्त्वही असेच आहे. स्पर्धेच्या पिस्तुलांची लाकडी मूठ खेळाडूच्या तळहाताच्या मापाने घासून घेतलेली असते. पकड किती घट्ट असावी, यापेक्षा ती प्रत्येक वेळी सारखीच असावी, याला महत्त्व आहे. एकबारी पिस्तुलात दर गोळीनंतर पकड सुटते, म्हणून साठ गोळ्यांच्या स्पर्धेत साठ वेळा तीच पकड नव्याने जमवावी लागते. बोटे कोठे टेकतात, अंगठा किती दाबतो आणि मनगट किती ताठ आहे, या गोष्टी नेमबाज मनातल्या मनात तपासून पाहतो.

डोळ्याने काय पाहावे?

मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात. मानवी डोळ्याला एका वेळी त्यांपैकी एकच स्पष्ट दिसू शकते. नवशिक्याची नजर साहजिकच लक्ष्याकडे धावते, कारण गोळी तेथे लागायची असते. मात्र वर पाहिलेल्या हिशेबानुसार खरा धोका साइटमधील फरकाचा आहे. म्हणून नजर पुढच्या साइटवर खिळवावी लागते. तिच्या कडा काळ्याभोर आणि रेखीव दिसल्या पाहिजेत, खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी असल्या पाहिजेत आणि वरच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. लक्ष्याचे काळे वर्तुळ या वेळी धूसर दिसते. तसेच दिसायला हवे.

बहुतेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरत नाहीत. काळ्यावर काळी साइट ठेवली तर तिच्या कडा दिसेनाशा होतात. म्हणून ते वर्तुळाच्या खालच्या पांढऱ्या भागात नेम धरतात आणि गोळी मध्यावर लागेल अशा बेताने मागची साइट जुळवून घेतात. दुसरा डोळा घट्ट मिटण्याऐवजी त्याच्यापुढे छोटी आडपट्टी लावतात. तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. दोन्ही डोळे उघडे राहिल्यामुळे चेहऱ्याच्या स्नायूंवर ताण येत नाही.

चाप आणि धीर

नेम कितीही उत्तम धरला, तरी चाप दाबताना हात हलला तर सारे व्यर्थ. फ्री पिस्तुलाच्या चापासाठी किमान वजनाची अट नसते, त्यामुळे तो अगदी हलका ठेवता येतो. एअर पिस्तुलात मात्र चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. दोन्हींत तत्त्व एकच : बोटाच्या पेराने चाप सरळ मागे, सलग आणि हळूहळू दाबत जायचे. ‘आता नेम जमला, आता ओढ’ असा आदेश मनाने दिला की बोट झटका देते, मनगट त्याला साथ देते आणि पुढची साइट क्षणात कलते. बार नेमका कोणत्या क्षणी होईल हे नेमबाजालाही ठाऊक नसावे, असे जुने प्रशिक्षक म्हणत आले आहेत, ते याच कारणाने.

बार झाल्यावरही काम संपत नाही. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत अल्पसा काळ जातो. तेवढ्यात हात सैल पडला तर गोळीची दिशा बदलू शकते. म्हणून बार उडाल्यानंतरही एकदोन सेकंद साइटकडे पाहत, चाप दाबलेलाच ठेवून तसेच उभे राहायचे असते. निकाल पाहण्याची उत्सुकता येथे आवरावी लागते.

या साऱ्या क्रियांना काळाची मर्यादा आहे. पिस्तूल उचलल्यावर श्वास अर्धवट सोडून रोखला की पुढील काही सेकंदांतच हात सर्वांत स्थिर असतो. त्यानंतर डोळ्यांना थकवा येतो, स्नायू थरथरू लागतात आणि मन अधीर होते. अधीर मन सांगते, ‘इतका वेळ धरले आहे, तर सोडून टाक.’ नव्वद टक्के तयारी झालेली गोळी सोडून देण्याचा हा मोह मोठा असतो. अशा वेळी गोळी न सोडता पिस्तूल खाली घ्यायचे, श्वास घ्यायचा आणि पुन्हा आरंभ करायचा. साठ गोळ्यांसाठी एअर पिस्तुलात पाऊण तासाहून बराच अधिक, म्हणजे ७५ मिनिटांचा अवधी मिळतो. एका गोळीच्या वाट्याला सरासरी सव्वा मिनिट येते. पिस्तूल खाली घेण्याएवढा वेळ नियमच देतो. तो घेण्याचे धैर्य मात्र खेळाडूला कमवावे लागते.

पुंजका काय सांगतो?

नेमबाजी केंद्रावर सराव करताना एका गोळीवरून कोणताही निष्कर्ष काढायचा नसतो. पाच किंवा दहा गोळ्या एकाच पद्धतीने झाडून त्यांचा पुंजका पाहायचा असतो. पुंजका लहान आहे पण मध्यापासून दूर आहे, तर नेमबाजाचे काम चांगले झाले आहे आणि साइट सरकवणे पुरेसे आहे. मागची साइट ज्या दिशेला सरकवावी, त्याच दिशेला गोळ्या सरकतात. गोळ्या सर्वत्र विखुरलेल्या असतील, तर साइटला हात लावण्यात अर्थ नाही. दर गोळीनंतर साइट फिरवणारा नवशिका आपल्याच चुकांचा पाठलाग करत राहतो.

पुंजक्याचा आकारही बोलका असतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जमत असतील, तर बहुधा चापाला झटका बसत असतो. गोळ्या वर-खाली अशा उभ्या रेषेत पडत असतील, तर श्वास किंवा साइटची उंची तपासावी. त्या आडव्या रेषेत विखुरल्या असतील, तर पायांची ठेवण आणि शरीराची नैसर्गिक दिशा पाहावी. ही लक्षणे म्हणजे अंतिम निदान नव्हे. ती शोध कोठे घ्यावा हे दाखवणाऱ्या खुणा आहेत.

याहून मोलाची सवय म्हणजे निकाल पाहण्यापूर्वी स्वतः अंदाज बांधणे. बार होताच पुढची साइट शेवटच्या क्षणी कोठे होती, हे आठवून नेमबाज मनात म्हणतो, ‘नऊ, उजवीकडे.’ मग पडद्याकडे पाहतो. अंदाज आणि निकाल जुळू लागले की तो स्वतःचे काम पाहायला शिकला असे समजावे. अंदाज दहाचा आणि निकाल आठचा असे वारंवार होत असेल, तर डोळा किंवा चाप यांपैकी काहीतरी त्याच्या नकळत चुकत असते. अनेक खेळाडू यासाठी वही ठेवतात. त्यात दिनांक, हवा, प्रकाश, गोळ्यांचा गट, अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांची नोंद असते. जमा आणि खर्च रोजच्या रोज जुळवून पाहणाऱ्या कोणालाही या वहीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

हत्यार आणि दारूगोळा यांचाही विचार करावा लागतो. एकाच कारखान्यातील निरनिराळ्या गटांची ५.६ मिलिमीटरची काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळा परिणाम दाखवतात. म्हणून पिस्तूल साच्यात घट्ट बसवून प्रत्येक गटाचे पुंजके तपासले जातात. या चाचणीचा आणखी एक लाभ होतो. साच्यातील पिस्तूल लहानसा पुंजका देते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की सबब उरत नाही. उरलेला फरक आपला स्वतःचा असतो, हे मान्य करावे लागते.

गोळीविना सराव

या खेळातील कदाचित सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे नेम सुधारण्याचे पुष्कळसे काम एकही गोळी न झाडता होते. पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर किंवा काळे वर्तुळ नसलेल्या कागदासमोर नेमबाज उभा राहतो. साइट जुळवतो, चाप दाबतो आणि पुढची साइट हलली का ते पाहतो. समोर लक्ष्यच नसल्यामुळे नजर पुढच्या साइटवर राहते, आवाज आणि धक्का नसल्यामुळे बोटाची बारीकशी चूकही दिसून येते. कित्येक खेळाडू रोज वीस-पंचवीस मिनिटे हा सराव करतात. त्याच्या जोडीला पिस्तूल काही सेकंद नुसतेच उचलून धरण्याचा व्यायामही असतो. त्यामुळे खांदा आणि मनगट यांचा दम वाढतो.

सुरक्षिततेचे नियम या विद्येचाच भाग आहेत. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवावे, नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, काडतूस भरण्याची आज्ञा होईपर्यंत पिस्तूल रिकामे ठेवावे आणि ते रिकामे असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी नळीत घालून ठेवावी, हे नियम विश्वविजेत्यालाही चुकत नाहीत. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण आवश्यक आहे. ‘स्टॉप’ ही आज्ञा होताच पिस्तूल खाली आलेच पाहिजे. काडतुसाचे पिस्तूल बाळगण्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. नवोदितांची सुरुवात त्यामुळे मान्यताप्राप्त केंद्रात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, एअर पिस्तुलाने होते आणि तीच योग्य आहे.

भारतीय परंपरा

भारतात या खेळाची संघटित वाटचाल १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेपासून सुरू होते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष. त्यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजवर असंख्य नेमबाजांनी राष्ट्रीय स्पर्धेचा उंबरठा ओलांडला. दिल्लीतील डॉ. कर्णीसिंह नेमबाजी केंद्र, पुण्याजवळील बालेवाडीचे केंद्र आणि मध्य प्रदेशातील महू येथील लष्कराचे निशाणेबाजी पथक ही या विद्येची महत्त्वाची ठिकाणे होत.

महू येथेच घडलेले जितू राय यांनी २०१४ साली ग्रॅनडा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत आणि इंचिऑन येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी याच प्रकाराचे सुवर्ण जिंकले. २०१८ साली चांगवॉन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ओमप्रकाश मिठारवाल यांनी ५० मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. हा प्रकार तोवर ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातून वगळला गेला होता. तरीही त्यासाठी सराव करणारे हात थांबले नव्हते.

ग्रॅनडा येथील त्याच २०१४ च्या स्पर्धेत जिन जोंग-ओ यांनी प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५८३ गुण मिळवले. त्यापूर्वीचा ५८१ गुणांचा विश्वविक्रम सोव्हिएत संघाचे अलेक्झांडर मेलेन्तिएव्ह यांनी १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये नोंदवला होता. केवळ दोन गुणांची भर पडण्यास ३४ वर्षे लागली. तेवढ्या काळात पिस्तुले सुधारली, विजेवर चालणारे चाप आले, कागदी लक्ष्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आली. पण साठ वेळा तीच पकड, तीच नजर आणि तोच धीर यांना पर्याय निघाला नाही.

पुढची गोळी

विश्वविक्रम नोंदवणारा आणि लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेला खेळाडूही दोन वर्षांनी रिओमध्ये ६.६ ची गोळी झाडतो, ही गोष्ट नवशिक्याला दिलासा देणारी आहे. चूक कोणालाही टळत नाही. ती झाल्यानंतर काय करायचे, यावर मात्र पुढचे सारे अवलंबून राहते. घाईघाईने दहा गुण वसूल करण्याच्या नादात पुढचीही गोळी दवडायची, की पिस्तूल खाली घेऊन, नवे काडतूस भरून, पायांपासून पुन्हा आरंभ करायचा? दिवसभरात शेकडो व्यवहार हाताळणारा रोखपालही हे जाणतो. मोजणी चुकली तर वेग वाढवून ती सुधारत नाही. पुडके खाली ठेवावे लागते आणि पहिल्या नोटेपासून पुन्हा मोजावे लागते.

एकबारी पिस्तूल ही सक्ती आपल्या रचनेनेच करते. त्यात दुसरी गोळी नसते, म्हणून प्रत्येक गोळीआधी थांबावेच लागते. नेमबाजी केंद्रावर नव्याने येणाऱ्याला आरंभी ती अडचण वाटते. काही महिन्यांनी त्याच थांब्यात आपला नेम घडतो आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो पिस्तूल उघडतो, एक काडतूस बसवतो, पाय ठेवतो, श्वास सोडतो आणि पुढच्या साइटच्या रेखीव कडेकडे पाहू लागतो.